एका तोटीतून अनेक पेयं : बहुउपयोगी वस्तू कशी घडते?



विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला तोटीशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. तोटी म्हणजे इथे पेय देणाऱ्या मशीनचं नॉझल. ऑफिसातलं चहा-कॉफीचं मशीन असो, सिनेमागृहातलं कोल्ड्रिंकचं असो, कपाच्या बरोबर वर जे तोंड असतं, ते. बटणं दहा आणि तोंड एक, अशी रचना आपण रोज बघतो आणि तिच्याकडे लक्ष देत नाही.

या एका तोंडात एक जुना प्रश्न दडलेला आहे. एका वस्तूनं अनेक कामं करावीत असं वाटतं, तेव्हा आपण विचार करतो की तिच्यात आणखी काय काय भरता येईल. माझं म्हणणं असं आहे, की प्रश्न भरण्याचा नाही, सोडण्याचा आहे. मागचं काम पूर्णपणे सोडून देता आलं, तरच ती वस्तू पुढच्या कामाला लायक राहते. आज हे सगळं आपण नॉझलच्या आधारानं बघू. थोडं भौतिकशास्त्र येईल, थोडं गणित येईल. घाबरू नका, दोन्ही शाळेतलीच आहेत.

नॉझलकडून अपेक्षा काय?

आधी कामांची यादी करू. नॉझलनं पेयातले घटक योग्य प्रमाणात एकत्र आणायचे. सोड्यातला वायू जपायचा. शिंतोडे उडवायचे नाहीत. बटण सोडलं की शेवटचा थेंब गळत ठेवायचा नाही. आधीच्या पेयाची चव, रंग, वास पुढच्याला लावायचा नाही. आणि रोज धुता आलं पाहिजे.

यातली एकेक अपेक्षा सुटी घेतली तर सोपी आहे. अडचण अशी, की एक पुरी करायला गेलं की दुसरी बिघडते. रचनाकाराचं काम या भांडणात मध्यस्थी करण्याचं असतं. म्हणून आधी भांडणारे पक्ष कोण, त्यांचा स्वभाव काय, हे समजून घेऊ.

सोड्याचा स्वभाव

पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुद्दाम विरघळवून पाहणारा जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक होता, तत्त्वचिंतक होता आणि रसायनशास्त्रज्ञही होता. इंग्लंडमध्ये लीड्स इथे १७६७ साली त्यानं बीअरच्या कारखान्यात, आंबणाऱ्या पिंपावर जमणाऱ्या वायूत पाणी धरून हा प्रयोग केला. म्हणजे सोडावॉटरच्या मुळाशी एक तत्त्वज्ञ आहे. आमच्या लोकांना अगदीच कमी लेखू नका, एवढंच सांगतो.

पुढे १८०३ साली विल्यम हेन्रीनं नियम मांडला : वायूचा दाब जितका जास्त, तितका तो द्रवात जास्त विरघळतो. याला थंडपणाची जोड द्या. हवेच्या नेहमीच्या दाबाइतक्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड घेतला, तर शून्य अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात तो सुमारे १.७ लिटर मावतो. वीस अंशांना एक लिटरही मावत नाही, ०.९ च्या आसपास. कोल्ड्रिंकमध्ये यापेक्षा बराच जास्त वायू दाबून भरलेला असतो. मशीनच्या नळीत तो दाबामुळे गप्प बसतो. नॉझलमधून बाहेर पडताच दाब जातो, आणि वायूला बाहेर पडायची घाई होते.

त्यात पाणी खळबळलं, तर संपलंच. सोड्याची बाटली हलवून उघडल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सोडा कपात हळुवार उतरवावा लागतो. पण हळुवार म्हणजे संथ नव्हे, कारण रांगेत माणसं उभी आहेत. दोनशे मिलिलिटरचा कप तीन सेकंदांत भरायला हवा. मग करायचं काय?

इथे ऑस्बर्न रेनॉल्ड्झ मदतीला येतो. मँचेस्टरला १८८३ साली त्यानं काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून पाहिली. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, तशी रेघ विस्कटून सगळीकडे रंग पसरला. प्रवाह शांत राहणार की खवळणार, हे ठरतं वेग आणि नळीचा व्यास यांच्या गुणाकाराला द्रवाच्या चिकटपणानं भागून. येणाऱ्या आकड्याला रेनॉल्ड्झ अंक म्हणतात. गोल नळीत हा अंक साधारण २००० च्या खाली असला, की प्रवाह शांत.

आता हिशेब करू. सेकंदाला ७५ मिलिलिटर सोडा, तापमान चार अंश. एकच भोक ठेवलं, १० मिलिमीटर व्यासाचं. वेग येतो सेकंदाला जवळजवळ ९५ सेंटिमीटर, आणि रेनॉल्ड्झ अंक सुमारे ६०००. खळबळ नक्की. त्याऐवजी अडीच मिलिमीटरची वीस भोकं करू. एकूण क्षेत्रफळ १० मिलिमीटरच्या भोकापेक्षा थोडंसंच जास्त, म्हणजे कप भरायला वेळ तेवढाच लागेल. पण अंक येतो सुमारे १२००. प्रवाह शांत! फक्त वाटणी केल्यानं एवढा फरक पडला.

पण फुकट काही मिळत नाही. एका मोठ्या भोकाचा घेर होता ३१ मिलिमीटर. वीस लहान भोकांचे घेर एकत्र केले तर १५७. म्हणजे द्रव ज्या भिंतींना चिकटून राहू शकतो, त्या भिंती पाचपट झाल्या. शांतता विकत घेतली, आणि किंमत दिली चिकटण्यात. हा सौदा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पाकाचा स्वभाव

दुसरा पक्ष सिरप, म्हणजे पाक. सिनेमागृहातल्या मशीनमध्ये सर्वसाधारणपणे पाच भाग सोडा आणि एक भाग सिरप असं प्रमाण असतं. साठ टक्के साखरेचा पाक वीस अंशांना पाण्याच्या पन्नासपटीहून जास्त चिकट असतो. थंड झाला की आणखी चिकट होतो. म्हणजे नळी तीच, दाब तोच, पण डिसेंबरच्या सकाळी पाक कमी येणार आणि मे महिन्यात जास्त. शिवाय शांत प्रवाहात बारीक नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. त्यामुळे नळीत जरासा पाक वाळून बसला, तरी प्रमाण बिघडतं. पेय पाणचट लागतं ते बऱ्याचदा यामुळे.

आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेनं द्रव पदार्थांचा बारकाईनं विचार केला होता. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त चोवीस गुण सांगितले आहेत, त्यात ‘द्रवत्व’ आणि ‘स्नेह’ हे दोन वेगळे गुण आहेत. द्रवत्व म्हणजे ज्याच्यामुळे वाहणं सुरू होतं ते. स्नेह म्हणजे ज्याच्यामुळे चूर्णाचा गोळा होतो ते. पीठ मळणाऱ्या कुणालाही हा फरक सांगावा लागत नाही. त्यांच्या मते स्नेह हा पाण्याचाच गुण. आजचं भौतिकशास्त्र तसं मानणार नाही, पण ही विभागणी आपल्याला फार कामाची आहे. नॉझलला पेयाचं द्रवत्व हवं असतं आणि स्नेह नको असतो. वाहावं, पण चिकटू नये!

चहाच्या मशीनमध्ये हाच स्नेह त्रास देतो. तिथे दूध-साखर-चहाची पूड एका छोट्या वाटीत पडते, वरून गरम पाणी येतं, पंखा फिरतो आणि मिश्रण खाली उतरतं. गरम पाण्याची वाफ वर चढते, पूड जिथून पडते त्या तोंडाशी बसते, आणि तिथे गुठळी धरते. अन्नंभट्टाची व्याख्या, अगदी शब्दशः. म्हणून चांगल्या मशीनमध्ये वाफ ओढून बाहेर टाकायची वेगळी सोय केलेली असते.

मिसळायचं कुठे?

आता मुख्य प्रश्न. पाक आणि सोडा एकमेकांना कुठे भेटतात?

एक मार्ग असा, की आतच मिसळायचं. नॉझलच्या वर एक पोकळी ठेवायची, तिथे सगळं एकत्र करायचं आणि तयार पेय खाली सोडायचं. मिश्रण उत्तम होतं. पण प्रत्येक पेय त्याच पोकळीतून जातं. दुसरा मार्ग, शेवटच्या टोकाशी मिसळायचं. पाक मधल्या नळीतून, सोडा त्याच्या भोवतीनं. दोन्ही तोंडाशी भेटतात. तिसरा मार्ग, नॉझलला मिसळूच द्यायचं नाही. प्रत्येक द्रवाला शेवटपर्यंत स्वतःची वाट, आणि भेट होते ती हवेत किंवा कपात.

तिसरा मार्ग आपल्याकडच्या सोडावाल्याला केव्हाचा माहीत आहे. तो ग्लासात आधी लिंबू, मीठ, सिरप घालतो आणि वरून सोडा ओततो. त्याच्या सोड्याला कधी कोकमाचा वास लागत नाही, कारण सोडा आणि कोकम भेटतात ते गिऱ्हाइकाच्या ग्लासात. ग्लास विसळला की झालं.

२००९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीनं ‘फ्रीस्टाइल’ नावाचं मशीन आणलं. एका नॉझलमधून शंभराहून अधिक पेयं. त्यासाठी औषधांच्या सूक्ष्म मात्रा मोजून सोडण्याचं तंत्र वापरलं गेलं. स्वादांचे अर्क अतिशय तीव्र केले, म्हणजे फार थोडी मात्रा पुरते. प्रत्येक अर्काची नळी वेगळी ठेवली. तंत्र नवं आहे, पण त्यामागचा विचार सोडावाल्याचाच आहे : जे सर्वांना समान, म्हणजे पाणी आणि सोडा, त्याला मधली मोठी वाट द्या. जे प्रत्येकाचं वेगळं, त्याला त्याची त्याची बारीक वाट द्या. भेट जितकी उशिरा घडवता येईल तितकी उशिरा घडवा.

मघाचा सौदा आठवा. वीस भोकांनी भिंती पाचपट केल्या होत्या. पण त्या भोकांतून फक्त सोडाच जात असेल, तर भिंतीला चिकटून राहणार तो सोडाच. पुढच्या पेयातही सोडाच असणार. म्हणजे किंमत जवळजवळ माफ झाली. समान काय आणि वेगळं काय, हे नीट ओळखलं की भांडण मिटतं. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो, की जाति आणि विशेष यांची गल्लत करू नका. नॉझलच्या आराखड्यातही तेच सांगावं लागतं.

चार थेंबांचा प्रश्न

उरतं किती, तेही मोजून पाहू. समजा एका नॉझलची आतली भिंत वीस चौरस सेंटिमीटर आहे, आणि पाकाचा थर राहिला आहे एक दशांश मिलिमीटर जाडीचा. गुणाकार करा : ०.२ मिलिलिटर. म्हणजे साधारण चार थेंब. दोनशे मिलिलिटरच्या कपात हा हजारावा हिस्सा.

शिवाय बारीक नळीत द्रव अडकून राहतो. स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट ठेवलं की आतलं सरबत खाली पडत नाही, हे लहानपणी सगळ्यांनी केलेलं आहे. झडप बंद झाली की नॉझलची नळी म्हणजे बोट ठेवलेली स्ट्रॉच. म्हणून झडप जितकी टोकाजवळ, तितकं अडकणारं कमी. आणि टोकाची कड गुळगुळीत गोल नको, धारदार हवी. चहाच्या किटलीची धार तोंडाला चिकटून खाली ओघळते ना, त्याला शास्त्रज्ञांनी ‘टीपॉट इफेक्ट’ असं चक्क नाव दिलं आहे. धारदार कडेवर द्रव भिंतीपासून सुटतो, गोल कडेवर वळसा घेतो.

तर चार थेंब. हे जास्त की कमी? इथे प्रश्न भौतिकशास्त्राकडून नीतिशास्त्राकडे येतो.

मधुमेह असलेल्या माणसानं बिनसाखरेचं पेय घेतलं आणि त्यात आधीच्या पाकाचे हे चार थेंब आले, तर साखर किती गेली? साठ टक्क्यांचा पाक धरला, तर साधारण दीड दशांश ग्रॅम. चिमूटभरही नाही. त्यानं काळजी करायचं कारण नाही. कोऱ्या चहात कॉफीचे चार थेंब आले, तर वास येतो, तोंड वाकडं होतं, एवढंच. कडक उपवास असलेल्या बाईच्या गरम पाण्यात सूप उतरलं, तर तिच्या नियमाचा भंग झाला. बाहेरून बघणाऱ्याला तो प्रकार किरकोळ वाटेल, तिला वाटणार नाही. आणि ज्या मुलाला दुधातल्या प्रथिनांची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या कपात दुधाचे चार थेंब आले तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

थेंब तेच चार. त्यांचं वजन काट्यावर ठरत नाही, पिणाऱ्यावर ठरतं. म्हणून ‘किती उरलं तर चालेल?’ या प्रश्नाला एकच आकडा हे उत्तर असू शकत नाही. ‘कुणाला चालेल?’ हे आधी विचारावं लागतं. आणि काहींच्या बाबतीत उत्तर असं येतं, की वाट समान नकोच. दुधाची तोटी वेगळी, गरम पाण्याची वेगळी. एका तोंडाचा मोह आवरणं हासुद्धा बहुउपयोगी रचनेचाच भाग आहे.

डेल्फीची सुरी आणि माणसाचा हात

ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात डेल्फीच्या सुरीचा उल्लेख केला आहे. ती अनेक कामांना चालणारी सुरी होती. त्याचं म्हणणं, निसर्ग असा कंजूषपणा करत नाही. एका कामासाठी एक साधन करतो, कारण तेच काम सर्वांत चांगलं होतं. म्हणजे ॲरिस्टॉटल आपल्या नॉझलच्या विरोधात दिसतो.

पण तोच ॲरिस्टॉटल प्राण्यांच्या अवयवांबद्दल लिहिताना माणसाच्या हाताची तोंडभरून स्तुती करतो. हात हे एक साधन नाही, अनेक साधनांच्या जागी असलेलं साधन आहे, असं म्हणतो. मग सुरी वाईट आणि हात चांगला, असं का? मला सुचलेलं उत्तर असं. डेल्फीच्या सुरीत सगळी कामं एकदमच कोंबलेली असतात. एक काम करताना बाकीच्यांचं ओझं ती वागवत असते. हात तसा नाही. हात विळा धरतो, काम झालं की विळा खाली ठेवतो आणि लेखणी उचलतो. लेखणी धरताना हाताला विळ्याचा आकार राहत नाही. हाताचं मोठेपण पकडण्याइतकंच सोडण्यात आहे.

चांगलं नॉझल हातासारखं असतं, वाईट नॉझल सुरीसारखं.

धुणार कोण?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. भिंतीला चिकटलेलं कुणीतरी काढायलाच लागतं. साखर, दूध आणि ओल एकत्र आली की बुरशी आणि जिवाणू येणारच. आराखडा काढणाऱ्यानं जो प्रश्न कागदावर सोडवला नाही, तो नाहीसा होत नाही. तो संध्याकाळी सात वाजता, मशीन पुसणाऱ्या माणसाच्या हातात जातो. त्या माणसाला आराखड्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून नॉझल बघताना मी कंपनीचं माहितीपत्रक बाजूला ठेवून चार प्रश्न विचारीन. ते पाना-पेचकस न लावता, हातानं निघतं का? आत बोट किंवा ब्रश पोचत नाही असा कोपरा आहे का? घाण डोळ्यांना दिसते, की आत लपते? आणि परत बसवताना चुकीचं बसूच शकत नाही, अशी त्याची रचना आहे का? धुणं सोपं असेल तर ते रोज होतं. अवघड असेल तर कागदावर रोज होतं.

सारांश सांगतो. समान काय आणि वेगळं काय ते ओळखा. वेगळ्यांची भेट शक्य तितकी उशिरा घडवा. उरलेल्या थेंबाचं वजन पिणाऱ्याच्या बाजूनं करा. आणि ज्याच्या हाती सफाई आहे, त्याला आराखड्याच्या टेबलावर बोलवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*श्रोता : सर, प्रत्येक पेयाची नळी शेवटपर्यंत वेगळीच ठेवली, तर मग त्या नॉझलला ‘एक’ तरी का म्हणायचं? ती अनेक नॉझलांची जुडीच झाली की.*

छान प्रश्न. आतून बघाल तर जुडीच आहे. पण कप ठेवणाऱ्याच्या दृष्टीनं ते एक आहे, कारण कप ठेवायची जागा एक आहे. हर्बर्ट सायमननं १९६९ च्या ‘द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशिअल’ या पुस्तकात असं मांडलं, की मानवनिर्मित वस्तू म्हणजे आतली रचना आणि बाहेरची परिस्थिती यांच्यामधली सीमा. एकपणा त्या सीमेवर असला तरी पुरतं. आत अनेकपणा सुखानं नांदू द्यावा. घरातही असंच चालतं, नाही का? उंबरठा एक, खोल्या वेगळ्या.

*श्रोता : आमच्या ऑफिसात एकाच तोटीतून चहा, कॉफी आणि सूप येतं. आम्ही काय बघावं?*

काचेचा ग्लास घ्या. कॉफीनंतर लगेच गरम पाण्याचं बटण दाबा. रंग बघा, वास घ्या. रंग आला तर मिसळायची वाटी सामाईक आहे किंवा नळी नीट धुतली जात नाही, असं समजा. पण याच्या उलट समजू नका. पाणी स्वच्छ दिसलं, म्हणजे दुधाचा अंश नाहीच, असं सिद्ध होत नाही. अ‍ॅलर्जी असणाऱ्यानं अशा तोटीखाली कप धरूच नये, त्याच्यासाठी वेगळी किटली ठेवा. आणि मशीन धुणाऱ्या माणसाला एकदा विचारा, की बाबा रे, यातला कुठला भाग काढायला त्रास होतो? त्याच्या उत्तरात तुम्हाला या मशीनची खरी परीक्षा सापडेल.